सरोवरांच्या तळांतील पर्जन्यवृत्तांत

राजस्थानांतील सांभर सरोवर मिठाकरितां सर्वश्रुत आहे; इतिहासाकरितां त्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः त्याच्या तळच्या चिखलांत दडलेला वृत्तांत कोणत्याहि बखरीहून जुना आहे. फुलांचे पराग वाऱ्यावर उडून पाण्यांत पडतात, गाळाबरोबर तळाशीं बसतात, आणि जेथें प्राणवायूचा शिरकाव नाहीं तेथें त्यांचें कवच हजारों वर्षें अभंग राहतें. हें कवच इतकें चिवट, कीं तीव्र अम्लानें गाळांतील वाळू विरघळविली तरी तें टिकतें. वनस्पतींच्या निरनिराळ्या कुळांचे पराग आकारावरून ओळखतां येतात. म्हणून एकेका थरांतील कण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजीत गेलें, म्हणजे कोणत्या काळीं तेथें काय उगवत होतें हें उमगतें. मोजदादीची ही रीत स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनीं १९१६ सालीं विद्वानांपुढें मांडली.

गुरदीप सिंग यांनीं तीच सांभर, डिडवाना व लुणकरणसर येथील गाळाला लाविली. जांभूळ, पाणकणीस यांचे पराग ज्या थरांत अधिक, त्या काळीं पाऊस अधिक, असा त्यांचा हिशेब. इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास पर्जन्य वाढला, १८०० च्या सुमारास घटला, आणि सिंधुसंस्कृतीचा उत्कर्ष व ऱ्हास त्याच्याशीं जुळतो, असें त्यांनीं १९७१ सालीं प्रतिपादिलें. कल्पना मोठी मोहक होती. कदाचित् अंमळ अधिकच.

१९९९ सालीं येहुदा एन्झेल व त्यांचे सहकारी यांनीं लुणकरणसरच्याच गाळाची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हां निराळेंच निघालें. नगरें भरभराटीस येण्याच्या सुमारें हजार वर्षें आधींच तें सरोवर आटलें होतें! म्हणजे मोहेंजोदडो-हडप्पाचें वैभव आजच्यासारख्याच कोरड्या हवेंत फुललें; पाण्याची भिस्त नद्यांवर असली पाहिजे.

तथापि वाद तेथें मिटला नाहीं. एक सरोवर म्हणजे अवघा देश नव्हे. हरियाणांतील कोटला दहर येथील गाळांत गोगलगाईंचे शंख सांपडले. त्यांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून सुमारें ४,१०० वर्षांपूर्वीं पावसाळा एकाएकीं दुबळा झाला, असें २०१४ सालीं दिसून आलें. आणि नगरांच्या उतरत्या कळेचा काळ नेमका तोच. त्याच वर्षीं विदर्भांतील लोणार सरोवराचा वृत्तांतहि प्रसिद्ध झाला. तेथील क्षारस्फटिकांनीं ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वींच्या दीर्घ अवर्षणाची साक्ष दिली. मात्र याच सुमारास सिंधुखोऱ्यांतील नगरें ओस पडत असतां पूर्वेकडे, हरियाणांत व गंगा-यमुनेच्या दुआबांत, लहान खेड्यांची संख्या वाढत होती.