शिंद्यांच्या छावणीतला पत्रकार आणि २६ टक्क्यांची गोष्ट

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला महादजी शिंदे आठवतात, किल्ला आठवतो, तानसेनाची समाधी आठवते. टीव्हीवरच्या बातम्यांशी या शहराचा काय संबंध, असे कुणी विचारील. पण ग्वाल्हेरच्या ‘शिंदे की छावनी’ या भागात अटलबिहारी वाजपेयींचे घर. तिथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात ते शिकले आणि पुढे ‘राष्ट्रधर्म’, ‘पाञ्चजन्य’, ‘वीर अर्जुन’ अशा पत्रांतून त्यांनी पत्रकारिता केली. परदेशी भागीदाराला घेऊन भारतात वृत्तवाहिनी कशी काढावी, याचा नियम ठरला तो याच पत्रकाराच्या पंतप्रधानपदाच्या काळात.

त्याआधी दार बंद होते. परकीय मालकीची वृत्तपत्रे इथे निघू नयेत, असा निर्णय नेहरूंच्या मंत्रिमंडळाने १९५५ साली घेतला होता. आपल्या गोमंतकीयांना हे साल वेगळ्या कारणाने आठवावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या जंगलातून गोवामुक्तीची गुप्त नभोवाणी सुरू केली. आवाज कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न दिल्लीत कागदावर होता, आपल्याकडे तो जिवावरचा होता.

पुढे उपग्रह आले आणि कुंपणावरून आवाज आत शिरले. १९९१च्या आखाती युद्धात सीएनएन दिसले. हाँगकाँगच्या स्टारचा ताबा १९९३ साली रूपर्ट मर्डोक यांच्याकडे गेला. १९९८ मध्ये स्टार न्यूज सुरू झाले तेव्हा बातम्या एनडीटीव्ही तयार करी आणि वाहिनी स्टारची असे. वृत्तपत्रांना बंदी आणि आकाशातून मात्र मोकळीक, असा हा कारभार होता.

वाजपेयी सरकारने जून २००२ मध्ये वृत्तपत्रांत आणि मार्च २००३ मध्ये भारतातून प्रक्षेपण करणाऱ्या वृत्तवाहिन्यांत २६ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली. संपादकीय सूत्रे मात्र भारतात राहणाऱ्या भारतीयांच्याच हाती हवीत, अशी अट घातली. आता हा २६चाच आकडा का? आमच्यासारख्या फायलीत आयुष्य घालवणाऱ्यांना अशा आकड्यांची खोड असते. कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे २६ टक्केवाला पाहुणा घर चालवू शकत नाही, पण मोठा ठराव अडवू शकतो. दार उघडले खरे, साखळी लावून.

याच नियमाखाली स्टारने आनंदबझार पत्रिका समूहाला ७४ टक्के देऊन स्वतःकडे २६ टक्के ठेवले. या भागीदारीतूनच जून २००७ मध्ये ‘स्टार माझा’ ही मराठी वृत्तवाहिनी जन्मली. अर्धे नाव परक्याचे आणि अर्धे आपले! त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये सीएनएनशी हातमिळवणी करून सीएनएन-आयबीएन सुरू झाले. त्याचे संपादक राजदीप सरदेसाई, म्हणजे आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे चिरंजीव.

पुढे काय झाले? २०१२ मध्ये स्टारचे नाव गेले आणि ‘एबीपी माझा’ झाले. ‘माझा’ टिकले. २०१५ मध्ये मर्यादा ४९ टक्क्यांवर गेली. परकीय पैसा आला की देशाचा आवाज बदलेल, ही १९५५ची भीती पोकळ नव्हती. पण आपले संपादक, आपले मालक आणि आपली भाषा असूनही बातमी उथळ होऊ शकते, हे आपण रोज रात्रीच्या चर्चांत पाहतोच.

आणि गोव्याचे काय? मुंबईहून चालणाऱ्या मराठी वाहिन्यांत गोवा दिसतो तो निवडणुकीला, कार्निव्हलला, नाहीतर आमदारांनी पक्ष बदलला की. आमच्या सत्तरीतल्या गावाची बातमी तिथे कुठल्या टक्केवारीत बसते? परदेशी भागीदाराचा वाटा सरकारने मोजून दिला. आपला वाटा मोजायला कुणी बसलेले नाही, तो आपल्यालाच मागावा लागेल.