न्यूटनच्या हिशेबातील उणीव

वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून येतो, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते. मग ध्वनी धावतो तरी किती वेगाने? १६८७ साली न्यूटनने हे केवळ गणिताने काढले. हवेचा एक थर दाबला जातो, प्रसरण पावतो व शेजारच्या थरास रेटतो. हवा जागच्या जागी हेलकावते, पुढे जाते ती लाट.

इंग्लंडमधील एक धर्मोपदेशक विल्यम डेरॅम याने १७०८ च्या सुमारास चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफांचा जाळ पाहिला, आवाज येईतो लंबकाचे ठोके मोजले. वेग निघाला सेकंदाला ११४२ फूट. न्यूटनचे गणित मात्र १७१३ च्या आवृत्तीतही ९७९ वरच अडले. मग हवेच्या कणांची जाडी, हवेतील बाष्प, अशी कारणे पुढे करून त्याने मेळ जमविला. एवढ्या थोर गणितज्ञाने ही ओढाताण करावी, याचे नवल वाटते!

खरे कारण १८१६ साली फ्रान्समध्ये लाप्लासने दाखविले. एकाएकी दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरणाऱ्याच्या हाताला ते कळते. लाटेत ती उष्णता निसटून जाण्यास अवसरच नसतो, म्हणून हवा अधिक जोराने उसळते. न्यूटनने तापमान कायम धरले होते. ही दुरुस्ती केली की वेग सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. उणीव जवळजवळ तेवढीच होती.