३१ मे १८९७ : चेहरे असलेले सैनिक

बॉस्टन कॉमन या मैदानाच्या कडेला ३१ मे १८९७ रोजी एका ब्राँझ उठावशिल्पाचे अनावरण झाले. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीचे आणि तिचा गोरा कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ याचे हे स्मारक. पलटणीतले हयात सैनिक त्या दिवशी स्मारकासमोरून संचलन करत गेले.

शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. जन्म डब्लिनचा, १ मार्च १८४८. वडील जोडे शिवणारे फ्रेंच कारागीर, आई आयरिश. दुष्काळाने आयर्लंड होरपळत असताना हे कुटुंब बोटीने अमेरिकेला निघाले, तेव्हा ऑगस्टस सहा महिन्यांचा होता. तेराव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये रत्नांवर नक्षी कोरणाऱ्याच्या हाताखाली लागला. रात्री कूपर युनियनमध्ये रेखाटन शिके. पुढे पॅरिस, रोम. ॲडमिरल फॅरागटच्या पुतळ्याने (१८८१) त्याचे नाव झाले, शिकागोतल्या लिंकनने (१८८७) ते पक्के केले.

शॉचा आधी नुसता अश्वारूढ पुतळा व्हायचा होता. सैनिकांना वगळून शॉचा एकट्याचा गौरव घरच्यांना मान्य नव्हता. मग सेंट-गॉडन्सने कृष्णवर्णीय माणसांना समोर बसवून एकेक डोके घडवले. कुणी दाढीवाला, कुणी मिसरूडही न फुटलेला पोरगा. खांद्यावर बंदुका, पाठीवर पडशा. चौदा वर्षे गेली, पण एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. सार्वजनिक शिल्पात गुलामाला गुडघे टेकलेला दाखवण्याच्या त्या काळात ही माणसे ताठ चालतात, हे या शिल्पाचे खरे मोठेपण.

धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे मागच्या बाजूला पहिल्यापासून होती. कृष्णवर्णीय सैनिकांची कोरली गेली १९८२ मध्ये.