पान्याची पारख: भिलाई आणि स्वस्त अवजारसंचाचा इतिहास

भिलाईच्या पॉवर हाऊस किंवा सुपेला भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, की एक प्रसंग हमखास दिसतो. आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा प्लास्टिकच्या पेटीतला चकचकीत संच उघडून पाहतो, एखादी गोटी हातात घेऊन वजन करतो, किंमत विचारतो आणि मग दुकानदाराकडे बघून म्हणतो, ‘टिकेल ना?’ दुकानदाराचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. या मुलाचा पहिला पगार अजून व्हायचा आहे आणि पेटीची किंमत त्या पगाराचा बराचसा भाग खाणार आहे. त्याला पारख कशी करायची हे कोणी नीट सांगितलेले नाही. प्रस्तुत टिपणात पाहायचे आहे ते हे, की ही पारख एके काळी गिऱ्हाइकाच्या हातात होती, ती हळूहळू त्याच्या हातून कशी सुटली, आणि तिचा कोणता भाग आजही परत मिळवता येतो.

पोलाद कारखान्याचा इतिहास आपण करार, क्षमता आणि उत्पादनाच्या आकड्यांतून शिकतो. भिलाईसाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. हे सर्व पाठ्यपुस्तकात सापडते. त्या कारखान्याचे बोल्ट ज्या पान्यांनी आवळले गेले, त्यांच्याबद्दल पाठ्यपुस्तक काही बोलत नाही.

मापाचा घोळ

पान्याचा पहिला गुण म्हणजे तो नटावर नेमका बसणे. ही साधी गोष्ट शंभराहून अधिक वर्षे साधी नव्हती. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांसाठी एक समान पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश आणि ठरावीक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे, अशी ती पद्धत होती. ती ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र पसरली. आपल्या रेल्वेच्या कारखान्यांतही तीच आली. तिच्यातली गंमत अशी, की पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या व्यासाचा असे. पाव इंचाच्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मि.मी. असते. अमेरिकी पद्धतीत उलट, आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतराचा असतो. मेट्रिक पान्यावरचा आकडाही तोंडाचाच, पण मिलिमीटरमध्ये.

आता १९६० च्या सुमाराचे भिलाई डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातली सोव्हिएत यंत्रे मेट्रिक मापाची होती. भारत सरकारनेही १९५६ चा वजनमापांचा कायदा करून १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आणायला सुरुवात केली होती. त्याच काळात ब्रिटिशांच्या मदतीने दुर्गापूरचा कारखाना उभा राहत होता, आणि ब्रिटनने स्वतः मेट्रिककडे वळण्याचा निर्णय जाहीर केला तो १९६५ मध्ये. कारखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावर तर सगळेच एकत्र होते. टाटा-मर्सिडीजचा ट्रक मेट्रिक, विलीजची जीप अमेरिकी इंचात आणि एन्फिल्डची बुलेट व्हिटवर्थ घराण्यातली. झाडाखाली बसणाऱ्या मिस्त्रीला तिन्ही मापांचे पाने बाळगावे लागत.

ज्याच्याकडे तिन्ही संच घेण्याइतके पैसे नसत तो जुळवून घेई. १९ मि.मी. आणि पाऊण इंच यांत फरक अगदीच किरकोळ, त्यामुळे ते खपून जाई. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; त्यावर १३ चा पाना बसतो आणि बसत नाहीही. व्हिटवर्थच्या १३.३ वर १४ चा पाना घातला तर तो सैलच राहतो. जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात आणि हाताची बोटे इंजिनवर आपटतात. जुन्या मिस्त्रींच्या बोटांच्या पेरांवरचे वण पाहिले, तर त्यातले काही या मापांच्या घोळाचे आहेत असे मी समजतो.

आज हा घोळ मिटला असे म्हणतात, पण पूर्ण मिटलेला नाही. मेट्रिक गोटी पान्याचा संच उघडा. गोट्या मिलिमीटरमध्ये आहेत, पण दांड्याच्या टोकाचा चौकोन मात्र जगभर पाव, तीन अष्टमांश किंवा अर्ध्या इंचाचाच असतो. अमेरिकेत १९२० मध्ये सुरू झालेल्या स्नॅप-ऑन कंपनीचा पहिला संच ५ दांडे आणि १० गोट्यांचा होता. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्यावर बसवायची, ही कल्पना. आजच्या पेटीत शंभराहून अधिक नग असतात, त्यांतले बरेच स्क्रूड्रायव्हरचे छोटे तुकडे असतात, आणि किंमत काढताना मात्र गिऱ्हाईक एकूण नगांनी भागाकार करते. हा भागाकार फसवा आहे. १५ नगांमध्ये गाडी उघडत असे, हे विसरू नये.

पोलाद कोणते, पाणी कसे

भिलाई रूळ, प्लेटा, सळ्या आणि बांधकामाचे पोलाद बनवते. पान्याचे पोलाद वेगळे असते. त्यात कार्बनबरोबर सुमारे एक टक्का क्रोमियम आणि अगदी थोडे, टक्क्याच्या दशांशात मोजावे इतके, व्हॅनेडियम घालतात. असे मिश्र पोलाद काढण्यासाठी सरकारने दुर्गापूरला स्वतंत्र कारखाना उभारला, तो १९६५ मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या गावात लाखो टन पोलाद निघते त्या गावातल्या मिस्त्रीचा पाना परगावच्या पोलादाचा असतो. यात वाईट काही नाही, पण ‘भिलाईत राहतो, लोखंड आम्हाला कळते’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे.

व्हॅनेडियमला प्रसिद्धी मिळाली ती १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मोटारीमुळे. तिच्यात हे पोलाद वापरले होते आणि त्याची जाहिरातही झाली होती. पुढे ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे शब्द अवजारांवर छापणे रूढ झाले. आज ते सर्वात स्वस्त संचावरही असतात. शिक्का मारायला फक्त ठसा लागतो. आत काय आहे ते शिक्का सिद्ध करत नाही, आणि वरचा चमकदार मुलामा तर मुळीच नाही. मुलामा गंजापासून वाचवतो, ताकद देत नाही.

पोलाद चांगले असले तरी निम्मे काम पाणी देण्याचे असते. आपल्या गावचा लोहार विळा तापवून पाण्यात बुडवतो आणि मग पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो. पान्याचेही तेच. पाणी कमी पडले तर जबडा फाकतो, जास्त झाले तर काचेसारखा तुटतो. लोहाराच्या बाबतीत गिऱ्हाइकाला पारखीची चिंता नव्हती. विळा बोथट झाला तर लोहार त्याच गावात होता, बलुत्याचा हिशेब बाकी होता. अवजार दूरच्या कारखान्यात बनू लागले तेव्हा ही हमी संपली आणि तिच्या जागी प्रथम कंपनीचे नाव आले, नंतर सरकारी मानक.

नावाचा काळ आपल्याकडे साधारण १९६० च्या दशकात सुरू होतो. फरिदाबादला जर्मनीच्या गेडोर कंपनीच्या सहकार्याने पाने बनू लागले. महाराष्ट्रात नाशिकला टपारिया कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश सहकार्याने उत्पादन सुरू केले. जबडा मागेपुढे होणारा पाना आज ज्या रूपात आपण वापरतो, त्याचे पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी घेतले होते. पंजाबात जालंधर आणि लुधियाना येथे लहान कारखान्यांचे जाळे वाढले, आणि जालंधरला १९८३ मध्ये हातअवजारांसाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. मध्यमवर्गीय लेखनात ‘स्वस्त म्हणजे जालंधरी’ असा तुच्छतेचा सूर कधी कधी दिसतो. तो अन्यायाचा आहे. त्याच गावांतून परदेशी मालही जात होता. फरक होता तो कोणत्या गिऱ्हाइकासाठी कोणता माल, याचा.

मानकाचे काम १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने हाती घेतले. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आय.एस. २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आय.एस. २०२९ ही मानके आहेत. त्यांत माप, कठीणपणा आणि किती पीळ सोसला पाहिजे हे सांगितलेले असते. पण शिक्का घेणे दीर्घकाळ ऐच्छिक राहिले. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलेली परिमाणात्मक बंधने उठली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर पेटीबंद संचांचा जो लोंढा आला त्यातल्या कित्येक पेट्यांवर कंपनीचे ओळखीचे नाव नाही की मानक क्रमांक नाही. गिऱ्हाइकापाशी उरले ते फक्त डोळे आणि हात.

डोळे आणि हात काय सांगतात

ते पुष्कळ सांगतात. पाना ठोकीव आहे की ओतीव, हे कडेच्या रेघेवरून आणि पृष्ठभागावरून दिसते. ओतीव मालात बारीक खड्डे असतात. उघड्या तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात. खिशात त्या मापाचा एक नवा बोल्ट ठेवावा आणि पाना त्यावर घालून हलवून पाहावा. गोटी आतून षट्कोनी असेल तर ती नटाच्या सपाट बाजूवर जोर देते; बारा कोनांची गोटी लवकर बसते, पण झिजलेल्या नटावर घसरते. दुकानदार परवानगी देत असेल तर बारीक कानस जबड्याच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवावी. लोण्यासारखी खोल रुतली तर पाना मऊ. अजिबात न लागता सटकली तर फार कडक, आणि असा जबडा तुटण्याची भीती अधिक.

जोराचा अंदाजही करता येतो. १० मि.मी. व्यासाचा चांगल्या प्रतीचा बोल्ट आवळायला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर पीळ लागतो. पाव मीटर लांबीच्या दांड्यावर २० किलोचा भार दिला की जवळजवळ तेवढा पीळ होतो. गंजलेला बोल्ट सोडवताना याच्या दुप्पटही लागतो. तेव्हा पेटीतला रॅचेट रोजच्या बोल्टला पुरेल, पण अडलेल्या बोल्टसाठी सरळ दांडाच वापरावा. स्वस्त रॅचेटचे आतले दात प्रथम जातात, आणि ते गेले की हात जोरात निसटतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या संचातली १४ ची गोटी दुसऱ्या महिन्यात चिरली. गोटीचे पैसे फारसे नव्हते. पण तिने जाता जाता बोल्टचे डोके गोल केले, मग ते ड्रिल करून काढावे लागले, आणि गाडीमालकाचा अर्धा दिवस गेला तो वेगळाच. अवजाराची किंमत आणि अवजार मोडण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले.

म्हणून सगळा स्वस्त माल टाकाऊ, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा लागणाऱ्या २२ किंवा २४ च्या पान्यावर महाग नावाचे पैसे का घालावेत? दुचाकीवर काम करणाऱ्याला ८, १०, १२, १४ आणि १७ ही मापे रोज लागतात. जपानी धाटणीच्या गाड्यांत १२ आणि १४ जास्त, कारखान्यातल्या यंत्रांवर १३, १७, १९ आणि २४ जास्त. ही पाच-सहा मापे रिंग पान्यांत, मानक क्रमांक पाहून, सुटी घ्यावीत. उरलेल्यांसाठी स्वस्त पेटी चालते. त्यातले जे मोडेल ते एकेक करून बदलत जावे. भिलाईतल्या अनेक जुन्या फिटरांच्या पिशव्या अशाच भरलेल्या असतात: एक नाशिकचा, दोन जालंधरचे, एक वडिलांच्या वेळचा, ज्यावरचा आकडा झिजून गेला आहे आणि तरी कोणता नट त्याला बसतो हे हाताला माहीत आहे.