भिंतीचे छप्पर

घराचे रक्षण छप्पर करते, ही समजूत अथणीच्या कोरड्या मुलखात पुरेशी ठरते. निपाणीकडे पाऊस मध्यम असल्याने तेथेही ती बहुधा चालून जाते. परंतु पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीच्या घाटमाथ्यावर पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. झड लागली म्हणजे जो मार छपराला, तोच भिंतीला. म्हणूनच या भागातील घरबांधणीचा इतिहास हा पुष्कळ अंशी भिंत कोरडी राखण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

हीच अडचण इतर देशांतील लोकांनाही भेडसावत होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वसाहतकाळापासून भिंतींना बाहेरून देवदारवर्गीय लाकडाच्या पातळ फळकुटांचे आच्छादन घालीत आले. त्याची रीत मोठी विचाराची आहे. आरंभ तळापासून होतो व पहिली ओळ दुहेरी असते. वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीचे डोके व खिळे झाकते. एका ओळीतील सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ देत नाहीत. लाकूड भिजून फुगते, म्हणून दोन फळकुटांमध्ये थोडी फट सोडतात. करवतीने कापलेल्यापेक्षा रेषेबरोबर फोडलेल्या फळकुटावरून पाणी अधिक सहज ओघळते.

सह्याद्रीत हे तत्त्व निराळ्या वस्तूंत अवतरले. रट्टांच्या काळातील शिलालेखांत बेळगावचे नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचे गाव, असे येते. वेळू आणि कारवी यांचे कूड उभारून त्यांवर शेणमाती लिंपणे, ही डोंगरी वस्तीची जुनी पद्धत. अशा भिंतीस पाण्याचे मोठे भय. तेव्हा पावसाळ्यापूर्वी वाऱ्याच्या अंगास गवताचे किंवा झावळ्यांचे झाप बांधीत. तेही खालून वर, एकावर एक चढवून. महाबळेश्वरच्या बंगल्यांनाही एकोणिसाव्या शतकात हेच गवती चिलखत चढवावे लागे. झाप कुजला तरी भिंत वाचे. पुढील वर्षी नवा झाप येई.

लाकडी फळकुटे येथे रुजली नाहीत, यास कारणे उघड आहेत. वाळवीस टिकणारा साग मोलाचा होता आणि १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतून लाकूड आणणे आणखी कठीण झाले. गवत मात्र दरसाल उगवे.

पुढे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ती कौले दूरवर पसरली आणि छप्पर शाकारण्याची दरसालची दगदग कमी झाली. ही सोय मोठीच होती. परंतु गवत कापण्याचा व विणण्याचा परिपाठ सुटला, त्याबरोबर भिंतीचा झापही मागे पडला. छपरास कौले मिळाली. भिंत उघडीच राहिली.

याची किंमत अतिवृष्टीत कळते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात व पावसात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. पूर आल्यावर झाप काय करणार, हे खरे. तथापि पूर न पोहोचलेल्या ठिकाणीही मातीची भिंत भिजून खचते, आणि दोष मातीस दिला जातो. दगडी जोते, रुंद वळचण व वाऱ्याच्या अंगास आच्छादन एवढे लाभले, तर तीच माती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. भिंतीलाही छप्पर लागते, हे जुन्या लोकांनी ओळखले होते.