आटे गेलेल्या भोकाची कुळकथा

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार एका अंगाला झुकतं, बिजागरीचा स्क्रू पिळावा तर तो जागच्या जागी गरगर फिरतो, आणि सुतार निदान सांगतो : "आटे गेले." आटे कुठेही गेलेले नसतात. स्क्रू बाहेर काढून पाहिला तर तो नव्यासारखाच निघतो. झिजलेली असते ती भोकाची भिंत. पण बोलण्यातच स्क्रूकडे बोट दाखवलेलं असल्यामुळे आपणही स्क्रूच बदलतो, आणि महिन्याभराने दार पुन्हा झुकतं. (मराठीत माणसाच्या डोक्यातलाही स्क्रूच ढिला होतो, भोक कधी मोठं होत नाही.) या बिघाडाची वंशावळ मागे शोधत गेलं तर स्क्रूही निर्दोष ठरतो आणि बसवणाराही. दोष आहे तो विजोड सोयरिकीचा. अखंड लाकडासाठी घडलेली वस्तू आपण रेषा नसलेल्या फळीत घातली. आणि म्हणूनच काडीपेटीची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकण्याच्या ज्या घरगुती उपायाला जुगाड म्हणून हसतात, तोच या दुखण्याच्या मुळाशी जाणारा उपाय आहे, असं मला वाटतं.

मळसूत्राचं तत्त्व फार प्राचीन असलं तरी लाकडात स्वतः वाट काढत जाणारा टोकदार स्क्रू तसा अलीकडचा. पूर्वीचे स्क्रू टोकाला बोथट असत. गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय ते आत शिरत नसत. अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी १८४६ साली टोकदार स्क्रूचं पेटंट घेतलं. १८५४च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी अशा स्क्रूचे अमेरिकी हक्क विकत घेऊन तो ब्रिटनमध्ये घाऊक प्रमाणात बनवायला सुरुवात केली. हा स्क्रू ज्या लाकडासाठी घडला त्यात लांबच लांब तंतू असतात. आटा त्या तंतूंना बाजूला सारत शिरतो, आणि दबलेले तंतू मूळ जागी येऊ पाहताना त्याला आवळून धरतात. स्क्रूची पकड म्हणजे प्रत्यक्षात लाकडाची चिवट लवचीकता. फळीच्या टोकाकडून, म्हणजे तंतूंच्या दिशेनेच स्क्रू घातला तर हीच पकड बरीच कमी होते, हे जुन्या सुतारांना ठाऊक होतं. तिथे ते कुसू काढून सांधा करत.

मग हा बिघाड सुटे भाग आणून घरी जोडायच्या फर्निचरमुळे आला, असं कुणी म्हणेल. तो समज थोनेटची खुर्ची खोडून काढते. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांची १८५९ची १४ क्रमांकाची खुर्ची सुट्या भागांतच रवाना होई. एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, आणि पोचल्या गावी त्या स्क्रूंनी जोडल्या जात. तिचे भाग वाफेवर वाकवलेल्या बीचच्या लाकडाचे होते, म्हणून सैल झालेला स्क्रू पुन्हा पिळता येई. स्वीडनच्या आयकियाने १९५६ साली टेबलाचे पाय काढून ते चपट्या खोक्यात विकायला घेतलं, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा सुटं करणं हा गुन्हा नव्हे. खरा बदल फळीत झाला. झाडाची फळी होईपर्यंत त्याचा मोठा हिस्सा ढलप्या आणि भुसा होऊन वाया जातो, या विचारातून जर्मनीच्या माक्स हिमेलहेबर यांनी १९३०च्या दशकात ढलप्या डिंकात दाबून फळी करण्याची रीत बसवली. महायुद्धात आणि त्यानंतरच्या लाकूडटंचाईत ती युरोपभर पसरली. स्वित्झर्लंडच्या फ्रेड फार्नी यांच्या अशाच फळीचं 'नोव्होपान' हे नाव आपल्याकडच्या सुतारांच्याही तोंडी बसलं. अशी फळी हवेतल्या ओलाव्याने अखंड लाकडासारखी आडवी फुगत-आकसत नाही, वाकत नाही, सगळीकडून सारखी असते. पण सारखी म्हणजे सगळीकडून टोकाच्या लाकडासारखी! त्यातही वरचे थर दाट आणि पोट भुसभुशीत. स्क्रू नेमका पोटात रुततो. दार उघडताना वरच्या बिजागरीवर येणारा हिसका तिथे तंतू ताणत नाही, डिंकाने चिकटलेला एकेक कण सुटा करतो. त्या भुशाचं पुन्हा लाकूड होत नाही.

भुसभुशीत भिंतीत स्क्रू कसा धरून ठेवायचा, हा प्रश्न गवंडीकामाला आधीच पडला होता, आणि उत्तरही तिथेच मिळालं होतं. विटेत भोक पाडून त्यात लाकडी गिट्टी ठोकायची आणि स्क्रू गिट्टीत पिळायचा. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न फोडता विजेची उपकरणं बसवण्याचं काम आलं तेव्हा जॉन रॉलिंग्ज यांनी तागाचे तंतू प्राण्यांच्या रक्तापासून केलेल्या डिंकात घट्ट करून छोटी नळी बनवली आणि १९११मध्ये तिचं पेटंट घेतलं. तोच रॉलप्लग. १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी ती नायलॉनची केली. साहित्य बदललं, पण आपला वायरमन आजही प्लास्टिकच्या त्या तुकड्याला गिट्टीच म्हणतो. हे नाव मला कंपनीच्या नावाहून जास्त प्रामाणिक वाटतं. कारण लाकडी गिट्टी, तागाची नळी आणि काडी ही एकाच घरातली भावंडं आहेत : धरायला काही नाही तिथे धरण्यासारखं काहीतरी नेऊन ठेवायचं. काडीत अखंड तंतू असतात. १९५९मध्ये बाजारात आलेलं आणि सुताराच्या सरसाला मागे सारणारं फेव्हिकॉल भोकाच्या सच्छिद्र भिंतीत मुरतं, काडीला तिच्याशी एकजीव करतं, आणि आटा पुन्हा खऱ्या लाकडात शिरतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जाड स्क्रू घातला तर एवढा खटाटोप कशाला? अखंड लाकडात ते चालतंही. ढलप्यांच्या फळीत मात्र जाड स्क्रू आणखी कण चिरडतो, आणि काठाजवळ असला तर फळीच फुगवून चिरतो. प्लायवुड वापरा, हा दुसरा सल्ला. तो रास्त आहे, पण प्लायच्या काठातून घातलेला स्क्रू थरांच्या मधल्या फटीत शिरून त्यांना विलग करतो, म्हणजे तिथेही दुखणं पूर्ण टळत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : काडी लावली तरी ती काही दिवसांत निसटते. बहुतेक वेळा याचं कारण उतावीळपणा असतो. चिकटवण ओलं असतानाच स्क्रू पिळला जातो. रात्रभर ते सुकू देऊन, उरलेला तुकडा कापून, नवं बारीक भोक पाडण्याचा धीर नसतो. भोक फारच मोठं झालं असेल तर काड्यांची जुडी करण्यापेक्षा ते ८ मिलिमीटरचं करून त्यात तेवढीच गोल लाकडी खुंटी चिकटवावी. सिंकखाली पाणी पिऊन फुगलेल्या फळीपुढे मात्र काडीही हरते आणि खुंटीही, कारण तिथे खुंटी धरून ठेवणारी भिंतच विरघळलेली असते. ती फळी बदलावीच लागते. कारखान्यांनीही हा धडा घेतलेला दिसतो. दाराच्या ३५ मिलिमीटरच्या गोल खड्ड्यात बसणाऱ्या काही बिजागऱ्यांना आता स्क्रूच्या जागी ८ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आधीच लावलेल्या येतात.