शब्द लिहा, वस्तू मिळवा : ‘स्क्रिबलनॉट्स’

झाडाच्या शेंड्यावर एक तारा अडकला आहे, तो मिळवायचा. ‘स्क्रिबलनॉट्स’ या व्हिडिओ गेमचे एक कोडे इतके साधे. साधन कोणते, हे मात्र खेळ सांगत नाही. नायक मॅक्सवेलच्या जादूच्या वहीत इंग्रजीत ‘लॅडर’ लिहावे, तर शिडी अवतरते. ‘अ‍ॅक्स’ लिहिल्यास कुऱ्हाड हाती येते आणि झाडच आडवे करता येते.

अमेरिकेतील ‘फिफ्थ सेल’ या कंपनीने निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी निर्मिलेला हा खेळ सप्टेंबर २००९ मध्ये बाजारात आला. त्याला २२ हजारांहून अधिक शब्द अवगत होते. शब्दकोश व विश्वकोश पालथे घालून ते जमविण्यात आले. अश्लील शब्द आणि व्यापारचिन्हे वगळली. शब्दागणिक केवळ चित्र नव्हे, तर गुणधर्मही नोंदविलेले: काय पेटते, काय तरंगते, कोण कोणाला घाबरते.

एवढे भांडार हाताशी असूनही, ‘दोर’ किंवा ‘पंख’ यांवरच अनेक कोडी सुटत आणि खेळाडूची कल्पनाशक्ती आळसावे. निर्मात्यांनी यावर नामी तोड काढली होती. सुटलेले कोडे पुन्हा सलग तीनदा सोडवायचे, पण एकदा वापरलेली वस्तू पुन्हा मागायची नाही! खेळाची खरी गंमत येथेच होती. मॅक्सवेलला लेखणीने चालविणे मात्र त्रासदायक. नको तेथे स्पर्श झाला की तो थेट दरीत. २०१० च्या ‘सुपर स्क्रिबलनॉट्स’मध्ये त्यासाठी बटणांचा पर्याय आला, शिवाय नामांच्या जोडीला विशेषणेही.